तिसऱ्या पुस्तकाशी तुमचं भांडण

*नमस्कार ताई,*

*मी ३९ वर्षांची आहे. पुस्तकातून डोकं वर काढत नाही म्हणून लहानपणी सतत बोलणी खाल्लेली मुलगी मी. मग नोकरी, घर, मूल, फोन. गेली कित्येक वर्षं एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचली नव्हती. सुट्टीत भाची राहायला आली होती, तिचं 'द हंगर गेम्स' आमच्याकडे राहिलं. सहज उघडलं आणि पहाटेपर्यंत खाली ठेवता आलं नाही. आठवड्याच्या आत तिन्ही भाग संपले. तिसऱ्यानं मात्र हिरमोड केला. इतकं सोसून जिंकल्यावर ती मुलगी एवढी मोडलेली का दाखवायची? अजून तो शेवट डोक्यातून जात नाही.*

*त्यानंतर उत्साहानं दोन नावाजलेल्या, जाडजूड कादंबऱ्या आणल्या. दोन्ही तीस-चाळीस पानांत सुटल्या. नवरा म्हणतो, तुला वाचनाची कसली, त्या पोरांच्या पुस्तकांची चटक लागली होती. ऑफिसला जाताना मुखपृष्ठ कुणाला दिसू नये असं पुस्तक मीही धरायचे, हे खरं. माझी वाचनाची आवड परत आली आहे का, की ते चार दिवसांचं वेड होतं? आता काय वाचू? आणि भाची आहे १२ वर्षांची. मुलंच मुलांना मारतात असलं पुस्तक तिनं वाचावं का, असं बहीण विचारते. तिला काय सांगू?*

*– पुन्हा वाचू लागलेली (बहुतेक)*

पुन्हा वाचू लागलेल्या मैत्रिणीस,

सहीतला तो कंसातला 'बहुतेक' काढून टाका. आवड परत आली आहे, आणि त्याची खूण तुम्हीच पत्रात लिहून ठेवली आहे. आठवड्यात तीन पुस्तकं संपली, ही ती खूण नव्हे. वेगवान गोष्ट कुणालाही ओढून नेते. खूण आहे ते वाक्य: 'अजून तो शेवट डोक्यातून जात नाही.' नुसती चटक लागली असती तर शेवटचं पान उलटून तुम्ही लगेच तसलंच दुसरं काहीतरी शोधलं असतं. तुम्ही मात्र लेखिकेशी भांडत बसला आहात, तिनं असं का केलं म्हणून. बोलणी खाणारी ती मुलगीही हेच करत असणार. तेव्हा या उत्तरात सगळ्यात जास्त वेळ मी त्या भांडणाला देणार आहे. पुढे काय वाचायचं याचा रस्ताही मला तिथूनच निघताना दिसतो.

पण आधी मुखपृष्ठाबद्दल, कारण ती लाज तुमच्या मनात खोल बसलेली दिसते.

सुझॅन कॉलिन्सनं ही कथा मुलांसाठी लिहिली, हे खरंच आहे. त्यापूर्वी तिनं बरीच वर्षं मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी लेखन केलं होतं. ही कल्पना कशी सुचली तेही तिनं सांगितलं आहे. एका रात्री टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता एकीकडे तरुण मुलामुलींची रिॲलिटी शोमधली स्पर्धा आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसत राहिली, आणि थकलेल्या डोळ्यांपुढे दोन्ही एकमेकांत मिसळून गेली. त्यात तिच्या लहानपणची ग्रीक पुराणातली थिसिअसची कथा येऊन मिळाली: हरलेल्या अथेन्सनं सात मुलगे आणि सात मुली क्रीटला पाठवायच्या आणि तिथल्या चक्रव्यूहातल्या राक्षसानं त्यांना खायचं. तिचे वडील हवाई दलात होते. ते व्हिएतनामच्या युद्धावर गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. युद्ध घरात कसं शिरतं हे तिनं त्या वयात पाहिलं होतं, आणि लिहिताना तिनं वाचकाचं वय पाहून ते पातळ केलं नाही.

टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या जीवघेण्या खेळात कुठल्या मुलांना पाठवायचं ते ठरवणारी, पहिल्याच प्रकरणांतली ती चिठ्ठ्यांची व्यवस्था आठवा. बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, अशी अठरापर्यंत वाढत जाते. दिसायला समान न्याय. पण घरात खायला नसेल तर एका माणसाचं वर्षभराचं तुटपुंजं धान्य आणि तेल घेऊन त्याच्या बदल्यात आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकायची सोय आहे, आणि त्या चिठ्ठ्या दर वर्षी साठत जातात. नायिका कॅटनिस बारा वर्षांची असल्यापासून स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी असं धान्य घेते. म्हणून सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या आहेत. तिच्या मित्राच्या, गेलच्या, ४२. मेयरच्या मुलीच्या जेमतेम पाचेक. गरिबीचं रूपांतर मरणाच्या शक्यतेत कसं होतं आणि तरीही सगळं नियमाला धरून कसं दिसतं, हे दोन-तीन पानांत, कुठलाही मोठा शब्द न वापरता सांगून झालेलं असतं. वर गेलला हेही कळलेलं आहे की धान्य घेणारे आणि न घेणारे यांच्यात तेढ राहिली तर राजधानीचंच फावतं. इतकं सगळं उभं केल्यावर त्या हजारो चिठ्ठ्यांमधून नेमकी एकच चिठ्ठी असलेल्या तिच्या धाकट्या बहिणीचं, प्रिमचं, नाव निघतं. तुम्ही ती पानं मुखपृष्ठ झाकून वाचत होतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि या कथेला मोठ्या माणसांनी किती गांभीर्यानं घेतलं आहे तेही पाहा. पुस्तकात कॅटनिसच्या, बारा नंबरच्या जिल्ह्यातले लोक तीन बोटं ओठांना लावून हात पुढे करतात. आभार, आदर आणि आपल्या माणसाचा निरोप, सगळं त्या एका खुणेत आहे. २०१४मध्ये थायलंडमध्ये लष्करानं सत्ता हातात घेतली तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी तीच तीन बोटं वर केली, आणि ती वर केली म्हणून माणसांना पकडून नेण्यात आलं. २०२१मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं उठाव केल्यावर तिथल्या डॉक्टरांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनीही तीच खूण उचलली. या सगळ्यांना काय म्हणायचं होतं ते नेमकं सांगणारी खूण त्यांना किशोरांच्या कथेत सापडली. एवढं लक्षात असलं की ऑफिसच्या वाटेवर पुस्तक कसं धरायचं हा प्रश्न उरू नये.

पहाटेपर्यंत पुस्तक खाली का ठेवता आलं नाही, तेही एकदा बघून घ्या, कारण ज्या दोन कादंबऱ्या सुटल्या त्यांचं उत्तर थोडं इथे आहे. कॅटनिस 'मी' म्हणून बोलते आणि चालू काळात बोलते. घडून गेलेली गोष्ट ती सांगत नाही, त्यामुळे ती जगून-वाचून सांगते आहे असा दिलासा आपल्याला मिळत नाही. तिच्याइतकंच आपल्याला दिसतं आणि तिच्याइतकंच कळतं. रचनाही कडक आहे. तिन्ही पुस्तकांत प्रत्येकी २७ प्रकरणं, नऊ-नऊ प्रकरणांचे तीन भाग. प्रकरण संपतं ते बहुतेक वेळा एखादी गोष्ट सुटण्याच्या जागी न संपता ती नव्यानं अडकण्याच्या जागी संपतं. नाट्यलेखन आणि टीव्हीमालिका यांत हात बसलेल्या बाईचं हे काम आहे. त्याला कुणी स्वस्त युक्ती म्हणालं तर मी मान्य करणार नाही. वाचकाचं लक्ष ही मागून मिळणारी वस्तू नाही, ते लेखकाला कमवावं लागतं, आणि ज्या वाचकाचं लक्ष वर्षानुवर्षं फोननं तुकड्या-तुकड्यांत खाल्लं आहे त्याचं तर फारच. ते तिनं कमावलं.

आता तुमचं भांडण. (ज्यांनी तिसरं पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडून द्यावेत. शेवट मी उघडपणे सांगणार आहे.)

इतकं सोसून जिंकल्यावर ती मोडलेली का, असं तुम्ही विचारता. मला वाटतं, पहिल्या दोन पुस्तकांनी आपल्यात एक भूक तयार केलेली असते, आणि तिसरं पुस्तक त्या भुकेकडेच बोट दाखवतं. पहिल्या पुस्तकात रिंगणातली २४ मुलं टीव्हीवर लढतात, राजधानीतले लोक बघतात, आणि आपल्याला त्या बघणाऱ्यांची चीड येते. पण पान उलटताना आपणही पुढे कोण मरतं हेच बघत असतो. कॉलिन्सला हे पक्कं ठाऊक आहे. 'मॉकिंगजे'मध्ये, म्हणजे तिसऱ्या पुस्तकात, ती रिंगण काढून टाकते. नियम नाहीत, मोजके खेळाडू नाहीत, शेवटी उरलेल्याला मुकुट नाही. आहे ते फक्त युद्ध, आणि त्यात कॅटनिस पुन्हा कॅमेऱ्यासमोरच उभी आहे. आधी राजधानीनं तिला सजवून दाखवलं, आता बंडखोर तिला सजवून प्रचाराच्या फिती काढतात. जी बाजू आपली, तीही तिला वापरतेच आहे. कितीतरी पानं ती इस्पितळात असते, औषधांच्या गुंगीत असते, कुठल्यातरी कपाटात लपून बसलेली असते. वाचक म्हणून आपल्याला तिचा बाण हवा असतो आणि पुस्तक आपल्याला तिचा थकवा देतं.

मग प्रिम. जिच्या जागी खेळात जायला पहिल्या पुस्तकात कॅटनिस पुढे झाली, तीच शेवटी जाते, आणि तीही कुठल्या राक्षसाच्या हातून जात नाही. राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यासमोर उभ्या केलेल्या मुलांवर पॅराशूटमधून बॉम्ब पडतात, मदतीला माणसं धावतात, आणि ती जमल्यावर उरलेले बॉम्ब फुटतात. धावून जाणाऱ्यांत प्रिम असते. असाच सापळा गेल आणि शस्त्रं बनवणारा बीटी यांनी आधी कागदावर मांडलेला होता, बंडखोरांच्या बाजूनं. तो आपलाच बॉम्ब होता का, हे गेल तिला सांगू शकत नाही, कारण त्यालाही कळायला मार्ग नाही. या एका प्रश्नानं त्यांच्यातलं सगळं संपतं. कॅटनिस, गेल आणि तिच्याबरोबर खेळात गेलेला पीटा यांच्या प्रेमत्रिकोणात कोण जिंकणार याच्या पैजा लावणाऱ्या वाचकांना लेखिकेनं दिलेलं हे उत्तर मला आजही थक्क करतं. निवड मनानं होत नाही, युद्धानं होते.

आणि त्यानंतर ते मतदान. जिंकलेल्या बाजूची नेता कॉईन उरलेल्या सात विजेत्यांना बसवून विचारते: राजधानीच्या मुलांचे एकदा शेवटचे खेळ घ्यायचे का? पीटा संतापून नाही म्हणतो. कॅटनिस हो म्हणते, प्रिमसाठी म्हणून. ती हे मनापासून म्हणते का, की कॉईनला गाफील ठेवण्यासाठी, यावर वाचक अजून वाद घालतात. माझ्या मते तिनं तेव्हाच ठरवलेलं होतं. पण पुस्तक ते स्पष्ट करत नाही आणि तुमच्या हातात सोडून देतं. पुढे हरलेल्या राष्ट्राध्यक्ष स्नोला मारायला दिलेला बाण ती कॉईनवर सोडते. म्हणजे तिचा खरा विजय कुणाला टाळ्या वाजवता येणार नाहीत असा आहे, आणि त्यासाठी तिला वेडी ठरवून घरी पाठवलं जातं. अशा मुलीला शेवटच्या पानावर हसतमुख उभं केलं असतं तर पहिल्या पानापासूनचं सगळं खोटं पडलं असतं. ती रिकाम्या घरात बसून राहते. प्रिमचं मांजर मैलोन्‌मैल चालत परत येतं, तेव्हा कुठे त्याच्यावर ओरडता ओरडता तिला रडू फुटतं. मूल होऊ द्यायला तिला पंधरा वर्षं लागतात. वाईट दिवशी ती मनाशी एक यादी करते, लोकांना करताना पाहिलेल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीची. पुस्तकभर खेळ म्हणजे मरणाचा खेळ. शेवटी तिच्याकडे उरलेला खेळ हा एवढाच. मला तो पुरतो. तुम्हाला नाही पुरला तरी बिघडत नाही. तुम्हाला तिच्यासाठी अधिक हवं होतं, यात तुम्ही तिच्यावर केलेली माया दिसते, आणि ती माया लेखिकेनंच तुमच्यात निर्माण केली होती.

एक करून बघा. तिसरा भाग पुन्हा वाचा, पण यावेळी सावकाश, रोज एखाददोन प्रकरणं. पहिल्यांदा आपण काय होणार याच्या मागे धावत असतो. दुसऱ्यांदा ते माहीत असतं, त्यामुळे वाटेतलं दिसायला लागतं. पीटाच्या डोक्यात विष भिनवून त्याच्या आठवणी बिघडवल्यानंतर तो एकेक आठवण घेऊन विचारतो, हे खरं की खोटं, आणि सोबतचे सैनिक त्याला धीरानं उत्तर देतात. पहिल्या वाचनात आपण ती पानं भरभर उलटली होती असं मला अनेक वाचकांनी सांगितलं आहे. माझ्या मते ती संपूर्ण मालिकेतली सर्वात सुंदर पानं आहेत. पुन्हा वाचण्याला वेळ वाया घालवणं समजू नका. दोन कादंबऱ्या सुटल्यामुळे तुमचा आत्मविश्वास ढळला आहे, आणि ओळखीच्या मजकुरात हळू चालण्याची सवय झाली की अनोळखी मजकुरातही हळू चालता येतं.

त्या दोन कादंबऱ्यांची नावं तुम्ही लिहिलेली नाहीत. बहुधा तुम्ही त्या वाचाव्याशा वाटल्या म्हणून आणल्याच नव्हत्या. त्या आणल्या आपण खऱ्या वाचक आहोत हे सिद्ध करायला. अशा वाचनात प्रत्येक पानावर परीक्षा चालू राहते, मग जीव कसा रमणार? डॅनियल पेनाक या फ्रेंच लेखकानं, जो बरीच वर्षं शाळेत शिकवतही होता, १९९२च्या आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क मांडले आहेत. पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क त्यात आहे, पानं गाळण्याचा आहे, पुन्हा वाचण्याचा आणि हवं ते वाचण्याचाही आहे. त्या दोन कादंबऱ्या कपाटात ठेवा. त्या तुमच्यावर रागावणार नाहीत. कदाचित त्यांची वेळ येईल, कदाचित येणारही नाही.

पुढचं पुस्तक नावाच्या वजनावर निवडू नका. तुमच्या भांडणावरून निवडा. तुम्हाला छळणारा प्रश्न मला असा दिसतो: अन्यायाशी लढून जिंकलेल्या माणसाचं आतून काय होतं? हाच प्रश्न घेऊन थेट भिडणारी आणखी एक किशोरमालिका आहे, पॅट्रिक नेसची 'केऑस वॉकिंग'. तिचं पहिलं पुस्तकही २००८चंच, म्हणजे 'द हंगर गेम्स' आलं त्याच वर्षीचं. टॉड नावाचा मुलगा अशा वस्तीत वाढतो जिथे प्रत्येक पुरुषाच्या मनातलं सगळं इतरांना सतत ऐकू येतं, आणि मग त्याला एक मुलगी भेटते जिच्या मनातलं काहीच ऐकू येत नाही. इथेही निवेदन 'मी'चं आणि चालू काळातलं आहे, त्यामुळे पाय लगेच लागेल. पण नेस अधिक निर्दय आहे. चांगल्या मुलाकडून वाईट काम करून घेणं किती सोपं असतं, हे दुसऱ्या पुस्तकात तो इतक्या जवळून दाखवतो की मधेच पुस्तक मिटून बसावं लागतं. तिसऱ्या पुस्तकाला २०११चं कार्नेगी पदक मिळालं आहे, आणि तिथे युद्धाचा जो हिशेब मांडला आहे तो 'मॉकिंगजे'च्या शेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे.

वाचन टिकेल की नाही अशी धाकधूक वाटत असेल तर त्याआधी एक छोटं पुस्तक घ्या: लोइस लाउरीचं 'द गिव्हर'. १९९३चं, दोन-तीन संध्याकाळी पुरेल एवढं. यात रक्त नाही, धावपळ नाही. बारा वर्षांचा जोनस एका शांत, नीटनेटक्या समाजात राहतो, जिथे प्रत्येकाला काम नेमून मिळतं, जोडीदार नेमून मिळतो, कुणालाच दुखत-खुपत नाही. या सगळ्यासाठी काय देऊन टाकलं आहे ते त्याला हळूहळू कळत जातं, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. त्या समाजाला रंगच दिसत नाहीत हे लेखिका बराच वेळ आपल्यालाही कळू देत नाही. ते कळतं त्या क्षणी मागची सगळी पानं पुन्हा डोळ्यांसमोरून जातात. 'हंगर गेम्स'मधला जुलूम अंगावर येतो, हा मायेनं डोक्यावरून हात फिरवतो, आणि मला तो जास्त भीतीदायक वाटतो.

मोठ्यांसाठी लिहिलेलंच काही हवं असेल तर ऑक्टेव्हिया बटलरची 'पॅरेबल ऑफ द सोअर'. तीही १९९३चीच, पण तिची गोष्ट सुरू होते २०२४मध्ये. लॉरेन पंधरा वर्षांची होते त्या दिवसापासूनची तिची डायरी. कोसळत चाललेल्या कॅलिफोर्नियात भिंतीआड राहणाऱ्या वस्तीतली ही मुलगी, समोरच्याची वेदना स्वतःच्या अंगावर जाणवण्याचं दुखणं घेऊन जन्मलेली. शत्रूला मारायचं तर तेही तिला सोसावं लागतं. कॅटनिसवर माया केलेल्या वाचकाला लॉरेन परकी वाटणार नाही, मात्र ही कादंबरी अधिक कठोर आहे. मन थकलेलं असेल त्या आठवड्यात सुरू करू नका. आणि लोक उठाव का करत नाहीत, हा प्रश्न कधी पुढे आला तर काझुओ इशिगुरोची २००५ची 'नेव्हर लेट मी गो' आहे. एका बाईनं आपल्या शाळेच्या दिवसांबद्दल शांतपणे सांगितलेल्या आठवणी. तिच्याबद्दल याहून अधिक मी सांगणार नाही, आणि तुम्हीही पुस्तकाच्या मागचा मजकूर वाचू नका.

सध्या टाळा असं एकच सांगेन. 'हंगर गेम्स' गाजल्यावर त्याच साच्यातल्या मालिकांची रांग लागली: विभागलेला समाज, सोळा-सतरा वर्षांची मुलगी, परीक्षा, बंड. त्यातल्या काही चटकन वाचून होतात, आणि मनोरंजनासाठी वाचायला माझी काहीच हरकत नाही. पण तुम्ही आत्ता त्या घेतल्यात तर मूळ पुस्तकाशी तुलना करत बसाल, निराश व्हाल, आणि नवऱ्याचं म्हणणं खरं होतं अशी समजूत करून घ्याल. ऑर्वेलचं '१९८४'ही लोक हमखास सुचवतील. मोठं पुस्तक आहे, वाचाच, पण ते कुणी वाचायलाच हवं म्हणतं म्हणून वाचू नका.

वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. पहिलं पुस्तक वाचताना फोन कुठे होता ते आठवा. बहुतेक दुसऱ्या खोलीत, विसरलेला. पुढच्या पुस्तकाला तो स्वतःहून विसरायला लावेल एवढी ताकद पहिल्या पानांत असेलच असं नाही, तेव्हा पहिली पन्नास पानं होईपर्यंत तो मुद्दाम तिथे ठेवा. बाकी वेळापत्रक, वर्षभरात इतकी पुस्तकं असले संकल्प नकोत. तुम्हाला परत आलेली गोष्ट आकड्यांनी परत आलेली नाही.

आता बहिणीची काळजी. ती काळजी निराधार नाही, आणि तिला तसं सांगूही नका. अमेरिकेत ग्रंथालयांमधून काढून टाका अशी मागणी सर्वात जास्त झालेल्या पुस्तकांच्या वार्षिक यादीत ही मालिका २०१० आणि २०११ अशी लागोपाठ होती. मुलं मुलांना मारतात हे खरंच आहे. पण पुस्तक त्या मारण्याकडे कसं बघतं ते बहिणीला सांगा. बारा वर्षांची रू मरते तेव्हा कॅटनिस पळून जाऊ शकते. ती थांबते, तिला फुलांनी झाकते, तिच्यासाठी गाते. रिंगणात मेलेल्या मुलांना जे बघायला बसले आहेत त्यांना ती एका मुलीचा शोक बघायला लावते. असं लिहिलेली हिंसा मुलाला निबर करत नाही असं माझं ठाम मत आहे. तरी प्रत्येक मूल वेगळं. भाची रात्री दचकून उठत असेल, घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर तिसरा भाग वर्षभर थांबू शकतो. पहिलं तर तिनं वाचूनच झालेलं आहे, तेव्हा बंदी घालण्यात अर्थ नाही. मनाई केलेलं पुस्तक मूल वाचतंच, फक्त त्याबद्दल मोठ्यांशी बोलणं बंद करतं.

आणि बोलायला तिच्याकडे आता तुम्ही आहात. बहिणीला हेच सांगा: तिन्ही भाग मी वाचले आहेत, तिला काही विचारावंसं वाटलं तर मी आहे. मात्र भाचीची उलटतपासणी घेऊ नका, या कथेतून काय शिकलीस असलं काही तर मुळीच विचारू नका. तुमचं भांडण तिच्यासमोर मांडा. मला शेवट पटला नाही, तुला? कॅटनिसनं मतदानात हो का म्हटलं असेल? तिनं तिसरा भाग वाचलेला नसेल तर रूच्या प्रसंगापाशी थांबा, गेल आणि पीटाबद्दल तिला काय वाटतं ते ऐका. बारा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाशी मतभेद करायची संधी फार क्वचित मिळते. तिचं मत तुमच्यापेक्षा वेगळं निघालं आणि बरोबरही निघालं तर तसं तिला तोंडावर सांगा.

नवऱ्याशी या विषयावर वाद घालायची गरज मला वाटत नाही. तुम्ही वाचत राहा.

शेवटी, तुम्ही विचारणार हे गृहीत धरून: हो, या मालिकेत आणखी दोन पुस्तकं आहेत, दोन्ही आधीच्या काळातली. २०२०चं 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' अठरा वर्षांच्या स्नोबद्दल आहे, दहाव्या खेळांच्या वेळचं. त्यात 'मी' नाही, वेगही कमी आहे, आणि नायकाच्या डोक्यात राहणं हळूहळू अवघड होत जातं, कारण तो प्रत्येक वाईट गोष्टीला स्वतःपुरतं चांगलं कारण शोधतो. २०२५चं 'सनराइज ऑन द रीपिंग' कॅटनिस आणि पीटाच्या मार्गदर्शकाचं, हेमिचचं आहे, पन्नासाव्या खेळांचं, जिथे दुप्पट म्हणजे ४८ मुलं रिंगणात उतरवली जातात. मूठभर लोक इतक्यांवर इतक्या सहज राज्य कसं करतात, हा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा प्रश्न त्यामागे होता असं कॉलिन्सनं सांगितलं आहे. आले त्याच क्रमानं वाचा, आधी स्नोचं आणि मग हेमिचचं, कारण पहिल्यातली गाणी आणि माणसं दुसऱ्यात परत येतात. आणि हेमिचच्या पुस्तकाला हात घालण्याआधी 'कॅचिंग फायर'मधला, म्हणजे दुसऱ्या भागातला, तो प्रसंग पुन्हा वाचून घ्या, ज्यात कॅटनिस आणि पीटा त्याच्या जुन्या खेळांची चित्रफीत बघतात. त्यांनी काय पाहिलं आणि त्यांना काय दाखवलंच गेलं नव्हतं, ते या पाचव्या पुस्तकात तुम्हाला कळेल.